भालेराव बाईंचे चिंचोके

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शैक्षणिक इतिहासात भालेराव बाईंचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल. हे वाक्य माझं नव्हे. दौंडला त्यांची शोकसभा झाली, तिथल्या फ्लेक्सवर ते होतं. सोनेरी रंग फ्लेक्सवर नीट उठत नाही म्हणून अक्षरं पिवळी केली होती, आणि बाईंच्या फोटोपेक्षा आयोजकांचे फोटो मोठे होते. बाई हजर असत्या तर काही बोलल्या नसत्या. फ्लेक्सखाली एक चिंचोका ठेवून मागच्या रांगेत जाऊन बसल्या असत्या.

ज्यांनी बाईंना पाहिलेलं नाही त्यांना हा चिंचोका आधी समजावून सांगायला हवा.

एस्तेर भालेराव आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. शाळा वडगाव रासाईच्या पुढे, भीमेच्या अंगाला. बाई शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या, तिथूनच रोज एसटीने यायच्या. फिकट रंगाची सुती साडी, हातात छत्री आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यावरचं बिस्किटाचं चित्र घासून गेलं होतं. आत चिंचोके, घासून पुसून चकचकीत केलेले, शंभरेक तरी असतील. मी शाळेत नवा होतो तेव्हा मला वाटलं, बाई मधल्या सुट्टीत मुलींबरोबर खेळतात. काही दिवसांनी कळलं की ते त्यांचं अध्यापन साहित्य आहे.

शनिवारचा शेवटचा तास त्यांनी बोलण्यासाठी राखून ठेवला होता. एकेका मुलाने उभं राहून मिनिटभर इंग्रजीत बोलायचं. विषय कोणताही: म्हैस, मोटर, मामाचं लग्न. चुकलं की बाई मध्ये बोलत नसत, मानही हलवत नसत. उठून त्याच्यापुढच्या बाकावर एक चिंचोका ठेवायच्या, आवाज न करता, आणि थांबायच्या. मुलाने आपण आत्ता काय बोललो ते मनात मागे जाऊन शोधायचं आणि वाक्य पुन्हा म्हणायचं. बरोबर आलं तर चिंचोका डब्यात परत. नाही आलं तर चिंचोका घरी न्यायचा, आणि वाक्य सापडेल त्या दिवशी दोन्ही घेऊन यायचं. एका वेळी एकालाच एकच चिंचोका, मग चुका दहा का होईनात. आणि जो हसेल त्याची पुढची पाळी. त्यामुळे त्या तासाला कुणी हसत नसे.

“बाई, उत्तर सांगून टाकलं तर पाच सेकंदांत काम होतं,” असं मी एकदा म्हटलं होतं.

“होतं ना,” बाई म्हणाल्या. “पण मग ते माझं उत्तर झालं, सर. माझं इंग्रजी बरं आहे. त्याचं व्हायचंय.”

त्यांचं आणखी एक नेहमीचं वाक्य होतं, “आधी बोल, इस्त्री नंतर.” चुरगळलेलं का होईना, पण वाक्य बाहेर आलं पाहिजे. मुलं ते एकमेकांनाही म्हणत. गावात तर त्याचा वेगळाच रिवाज झाला. आया कपडे धुवायला काढताना खिसे चाचपायच्या आणि चिंचोका हाताला लागला की विचारायच्या, “आज काय चुकलास रं?” त्या आयांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण पोरगं काहीतरी घरी घेऊन आलंय आणि ते सोडवायचं आहे, एवढं त्यांना कळायचं. मग नदीकाठी धुण्याच्या दगडावर पोरगं उभं राहून चार वेळा वाक्य म्हणायचं आणि आई चौथ्या वेळी म्हणायची, “ह्ये बरं वाटतंय.” बहुतेक वेळा तेच बरोबर असायचं.

ही पद्धत त्यांना कुठे सापडली, असं विचारलं तर त्या एकच गोष्ट सांगायच्या. लहानपणी नाताळच्या कार्यक्रमात त्यांना इंग्रजीतून बायबलमधलं एक वचन म्हणायला उभं केलं होतं. पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी दर शब्दाला थांबवून उच्चार सुधारला. गृहस्थ मायाळू होते, असं बाई मुद्दाम सांगायच्या. “फार प्रेमाने सुधारलं त्यांनी. पण माझं वचन अर्ध्यावरच राहिलं. सगळं चर्च वाट बघत होतं आणि मी खाली बसले. मग घरी येऊन अंगणातल्या चिंचेखाली बसले तिन्हीसांजेपर्यंत.” एवढं सांगून त्या डब्याचं झाकण लावायच्या.

आता माझ्या चिंचोक्याबद्दल. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मुलांच्या निबंधांतली गमतीदार वाक्यं वर्गात वाचून दाखवायची मला सवय होती. वर्ग हसायचा, मलाही मी चांगला शिक्षक वाटायचो. त्या वर्षी आठवीत सुजाता नावाची मुलगी होती, वडील दूध संकलनाच्या टेम्पोवर. तिच्या निबंधातलं घराच्या पत्र्यावरचं एक वाक्य मी असंच वाचलं, आवाज वगैरे काढून. वर्ग चांगला दोन मिनिटं हसला. त्यानंतर सुजाता बोलायची बंद झाली. माझ्या तासाला, बाईंच्या तासाला, सगळीकडेच. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. मला वाटलं, स्वभाव असेल.

एका सकाळी स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर चिंचोका होता.

“बाई, हा तुमचा राहिला वाटतं,” मी म्हणालो.

“नाही. तुमचा आहे.”

“मी इंग्रजी बोललो कधी?”

बाई वह्या तपासत राहिल्या. काय चुकलं ते त्या सांगणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. पहिल्या दिवशी मी तो खिडकीतून फेकायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी हजेरीपटात काही चुकलं का ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात गेलो, सुजाताने हजेरीला हात वर केला आणि मला एकदम कळलं.

मी वर्गात तिचा निबंध पुन्हा वाचला. यावेळी सबंध, साध्या आवाजात. चांगला होता तो. पत्र्यावरचं वाक्य तर सगळ्यांत चांगलं होतं. पावसात पत्रा इतका वाजतो की भांडण करायचं असेल तर पाऊस थांबायची वाट बघावी लागते, असं काहीतरी. वाचून झाल्यावर, मागच्या वेळी माझी चूक झाली, असं मी म्हणालो. सुजाताने मान वर केली नाही. स्टाफरूममध्ये येऊन मी बाईंपुढे चिंचोका धरला.

“म्हटलं वाक्य पुन्हा,” मी सांगितलं.

“ती बोलली?”

“नाही.”

“मग राहू द्या तुमच्याकडे,” बाई म्हणाल्या. तो मी पेनांच्या डब्यात टाकला.

सुजाता बोलली ती थंडीत, एका शनिवारी. मी दाराशी उभा होतो. उभी राहिली, बराच वेळ बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, “अवर बफेलो गिव्ह सिक्स लिटर.” बाईंनी तिच्यापुढे चिंचोका ठेवला. मला वाटलं, आता ही पुन्हा चार महिने गप्प. पहिल्याच वाक्याला कशाला, जाऊ द्यायचं. सुजाताने चिंचोक्याकडे पाहिलं. वर्ग थांबला. त्या वर्गाला थांबता यायचं, ही बाईंची खरी कमाई. मग ती म्हणाली, “गिव्ह्ज.” बाईंनी चिंचोका उचलला. सुजाता तशीच उभी राहून पुढे म्हशीबद्दल इतकं बोलली की घंटा झाली. पुढे बाईंना मी विचारलं, पहिल्या वाक्याला सूट का नाही दिली? त्या म्हणाल्या, “सूट दिली असती तर तिला वाटलं असतं, मला जमेल असं बाईंना वाटत नाही.”

त्याच वर्षी फेब्रुवारीत तालुक्याहून तपासणीला साहेब येणार असं ठरलं. शनिवारचा तास वेळापत्रकात बसत नव्हता. तो ठेवायचा की नाही हे साहेब पाठ बघून ठरवणार होते. बाईंनी त्या आठवड्यात पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याकडे काही मागितलं. “सर, हा तास गेला तर ही मुलं बोलायची कुठं? तुम्ही असा मागं बसायला.”

मी बसलो. पण त्याआधी एक काम केलं. आमचे मुख्याध्यापक सज्जन होते आणि सज्जन माणसं घाबरतात तेवढे घाबरत. त्यांनी मला बाजूला घेतलं. “सर, तेवढा डबा आत ठेवा. साहेबांना वाटंल, पोरं वर्गात चिंचा खात्यात.” मी डबा उचलून विज्ञानाच्या कपाटात, लोहचुंबकांच्या शेजारी ठेवला. बाई वर्गात आल्या, टेबलावरची रिकामी जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेरचा ऊस बघू लागलो.

पाठ छान झाला. चूक झाली की बाई बाकावर नुसतं बोट टेकवत, जिथे चिंचोका ठेवला असता तिथे. मुलं बोटाकडे बघून वाक्यं दुरुस्त करत होती. साहेब खूश झाले. इतके की उठून उभे राहिले आणि मुलांना उद्देशून स्वतः इंग्रजीत बोलू लागले. चौथ्या-पाचव्या वाक्यात एक शब्द जास्त होता. कोणता ते मी सांगत नाही, बाईंनीही सांगितला नसता.

वर्गाच्या भिंतीवर बाईंनी पुठ्ठ्यावर नियम लिहून लावले होते. पहिलाच नियम असा: या खोलीत जो इंग्रजी बोलेल त्याला चिंचोका लागू, बाईंनाही. डबा कपाटात होता, पण सुजाताकडे आदल्या शनिवारी घरी नेलेला एक होता. ती दुसऱ्या बाकावरून उठली, पुढे गेली आणि साहेबांच्या फाइलीजवळ तो ठेवला. आवाज न करता. ठेवण्याची रीतसुद्धा बाईंचीच.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“सर, धिस इज फॉर यू,” सुजाता म्हणाली.

मुख्याध्यापक खोकले. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी एवढंच करायचं होतं की हसून म्हणायचं, असू द्या साहेब, लहान आहे, आणि तो उचलायचा. तास वाचला असता. बाईंनी हात एकावर एक ठेवले आणि साहेबांकडे पाहिलं, म्हणजे कोणत्याही मुलाकडे पाहायच्या तसं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली चिंचोक्याकडे, जणू वेळ भरपूर आहे आणि घाई कुणालाच नाही. वर्गही थांबला. चाळीस मुलं एका अधिकाऱ्याची वाट बघत होती, आणि त्यांतलं कुणी हसलं नाही.

साहेबांनी फाइलीच्या कडेने चिंचोका बाजूला सारला, थँक यू म्हणाले आणि चहाला गेले. शेरा आला: वर्गात शिस्तीचा अभाव, अनावश्यक साहित्याचा वापर. पुढच्या शनिवारपासून तो तास हस्ताक्षर सुधार उपक्रमाला गेला.

“बाई, उचलायचा व्हता की तुम्ही,” मुख्याध्यापक कळवळून म्हणाले. “एका चिंचोक्यापायी तास गेला.”

“त्यांनी दुरुस्त केलं असतं तर उचलला असता.”

“अहो, साहेब हायेत ते.”

“म्हणून तर जास्त थांबले,” बाई म्हणाल्या.

सुजाता व्हरांड्यात रडत होती. माझ्यामुळं तास गेला, म्हणत होती. बाईंनी तिला विचारलं, “तू म्हणालीस ते वाक्य बरोबर होतं का?” ती म्हणाली, व्हय. “मग रडायचं काय त्यात. येत्या शनिवारपासून फाट्यावर ये. सगळ्यांना सांग.” मी कपाटातून डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. माझ्या टेबलावर दुसरा चिंचोका मात्र ठेवला नाही. पहिला अजून पेनांच्या डब्यातच होता, आणि एका वेळी एकच, हा नियम त्यांनी माझ्या बाबतीतही पाळला.

शिरूरची एसटी फाट्यावर सव्वापाचला यायची, म्हणजे पावणेसहाला. तेवढा वेळ बाईंचा तास पिकअप शेडमध्ये भरू लागला. पोरं सिमेंटच्या बाकावर उभी राहून बोलायची आणि चिंचोके शेडच्या कठड्यावर ठेवले जायचे. बाजाराला निघालेली माणसंही थांबून ऐकायची. एकदा एक आबा पिशवी खाली ठेवून पुढे आले.

“बाई, म्या बी बोलू का? दौंडला रेल्वेत व्हतो मी. थोडं येतंय मला.”

“बोला की आबा.”

आबांनी टोपी नीट केली. “ट्रेन लेट. व्हेरी लेट. वेट.”

बाईंनी चिंचोका ठेवला नाही. पोरांनी लगेच तक्रार केली, “बाई, त्यांचं वाक्य पुरं न्हाई.”

“गाडी आली का?” बाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“मग बरोबरच आहे त्यांचं.”

आबा त्यानंतर दर शनिवारी यायचे. कुठं जायचं असायचं असं नाही.

असे पाच-सहा पावसाळे गेले. मग बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना एक परिपत्रक आलं. शिक्षकांनी मुलांच्या बोलण्यातल्या चुका कशा दाखवाव्यात यासाठी ‘बीज प्रतिसाद’ नावाचा उपक्रम सुरू होत होता. मुलाला थेट न टोकता त्याच्यापुढे बी ठेवायची, मग थांबायचं. आखणारे तेच साहेब, आता मोठ्या पदावर गेलेले. मला राग आला, बाईंना आला नाही. “चला, साहेबांनी चिंचोका घरी नेला म्हणायचा,” एवढंच म्हणाल्या. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाई शेवटच्या रांगेत बसून वहीत टिपणं काढत होत्या, आणि शेवटी त्यांना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. शाळेला प्लास्टिकच्या हिरव्या बियांची एक पेटी आली. तिचं सील अजून शाबूत आहे. संगणक खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती तिथे लावलेली असते.

निवृत्तीनंतर बाई दौंडला भावाकडे गेल्या. भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. बाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतर मी भेटायला गेलो. बोलता येत होतं, पण शब्दांच्या जागा बदलल्या होत्या. मी बसल्यावर माझ्याकडे बघत म्हणाल्या, “सर, जरा खिडकी द्या.” खिडकी उघडीच होती. भाऊ पटकन म्हणाले, “अगं पाणी, पाणी म्हणायचंय तुला.” बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने भाऊ चहा सांगायला आत गेले, आणि बाई पुन्हा म्हणाल्या, “खिडकी.”

मी खिशातून चिंचोका काढला. निघताना पेनांच्या डब्यातून घेऊन आलो होतो. तो मी त्यांच्या पलंगाच्या कडेला ठेवला आणि थांबलो. चेहऱ्याकडे पाहिलं नाही, जरा खाली पाहिलं. बाहेर एक मालगाडी गेली, ती संपेपर्यंत बराच वेळ गेला.

“पाणी,” बाई म्हणाल्या.

मी पाणी दिलं. पिऊन झाल्यावर त्यांनी चिंचोका उचलला, बघितला आणि माझ्या हातात परत दिला. “ती बोलली?” असं त्यांनी विचारलं. सुजाताबद्दल विचारताहेत, हे मला जरा वेळाने उमगलं. मी सांगितलं, “बोलली बाई. आता इंग्रजी शिकवते, खुटबावला असते.” बाईंनी मान हलवली. पण चिंचोका परत घेतला नाही. डबा जवळ नसल्यामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं. महिन्याभराने त्या गेल्या.

शोकसभेत प्रमुख वक्ते साहेबच होते. तेही निवृत्त झालेले, केस पांढरे, शाल अंगावर. सुजाता माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. साहेब मराठीत बाईंच्या ऋणाबद्दल बोलले, उपक्रमाबद्दल त्याहून जास्त बोलले, आणि मग बाईंना मानवंदना म्हणून इंग्रजीकडे वळले. चौथ्या-पाचव्या वाक्यात तोच शब्द आला, जिथे नको होता तिथेच.

सुजाता माझ्याकडे झुकली. “सर, चिंचोका हाय का?”

माझ्या खिशात तोच होता, माझा. मी तिला दिला. इतकी वर्षं तो कुणाला द्यायचा होता ते मला तेव्हा कळलं.

ती सावकाश व्यासपीठावर गेली आणि साहेबांच्या पुढ्यात, पाण्याच्या पेल्याजवळ तो ठेवला. साहेब थांबले. आयोजक एकमेकांकडे बघू लागले. पण सभेत मागे तिशी-पस्तिशीची बरीच माणसं बसली होती, शिरूर-दौंडकडच्या कंपन्यांतून रजा टाकून आलेली. ती सगळी हलली नाहीत, हसली नाहीत, नुसती थांबली. साहेबांनी चिंचोक्याकडे पाहिलं, मग बाईंच्या फोटोकडे. चष्मा काढून पुसला. एवढ्या मोठ्या माणसाला मागे जाऊन आपलंच वाक्य शोधताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग त्यांनी ते वाक्य सुरुवातीपासून, हळूहळू, पुन्हा म्हटलं.

ते पुन्हा चुकलं. नियमाप्रमाणे सुजाताने चिंचोका उचलला नाही, तो टेबलावरच राहिला.